दुकानाची गाडी : गॅसवर की टर्बो डिझेलवर?

पालघर आणि बोईसरच्या बाजारपेठेत गाडी ही दुकानाचीच एक खोली असते. हार्डवेअर, सिमेंट, रंग, किराणा, स्टेशनरी, पॅकिंगचे सामान, व्यापार कोणताही असो, सकाळी शटर वर गेले की पहिला प्रश्न असतो तो गाडी कुठे गेली आहे आणि केव्हा परत येणार आहे. ही गाडी जुनी झाली, दर दोन महिन्यांनी गॅरेजची वाट धरू लागली, की घरात चर्चा सुरू होते आणि ती सहसा दसरा, धनत्रयोदशी किंवा पाडव्याच्या आगेमागे निकाली निघते. वडीलधाऱ्यांचा कल डिझेलकडे असतो, कारण त्यांनी डिझेलची गाडी भरलेल्या हौद्यानिशी चढ चढताना पाहिलेली असते. मुलगा किंवा पुतण्या मोबाईलवर इंधनाचा खर्च काढून दाखवतो आणि गॅसच्या गाडीचा आग्रह धरतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते, म्हणूनच चर्चा लांबते. शेवटी बहुतेक वेळा निर्णय होतो तो शोरूममध्ये मिळणाऱ्या सवलतीवर. साठ हप्त्यांची जबाबदारी अंगावर घेण्यास हे कारण फार तोकडे आहे.

या चर्चेत अलीकडे ‘हायब्रिड’ हा तिसरा शब्द शिरला आहे. २०२२ पासून मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या हायब्रिड मोटारी परिचितांच्या दारात दिसू लागल्या. त्यांच्या ॲव्हरेजच्या गोष्टी लग्नसमारंभात ऐकू येतात आणि मग साहजिकच विचारले जाते की हेच तंत्र मालाच्या गाडीत का नसावे. प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर थोडे दूरच्या उदाहरणातून चांगले समजते.

अमेरिकेत फोर्ड कंपनीने २०२१ मध्ये मॅव्हरिक नावाची लहान पिकअप बाजारात आणली. तिच्यात ग्राहकापुढे सरळ दोन पर्याय होते : अडीच लिटरचे हायब्रिड इंजिन किंवा दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन. तिथल्या सरकारी चाचणीचे आकडे आपल्या मापात मांडले, तर पहिल्या वर्षीची हायब्रिड गाडी शहरात लिटरला सुमारे १८ किलोमीटर आणि महामार्गावर १४ किलोमीटर जात असे. टर्बोचे आकडे शहरात सुमारे १० आणि महामार्गावर पावणेतेरा. आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट, हायब्रिड गाडी गर्दीत जास्त आणि मोकळ्या रस्त्यावर कमी ॲव्हरेज देते. कारण तिची कमाई ब्रेक दाबण्यात आहे. एरवी ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते आणि पुन्हा चालू लागताना वापरते. थांबाच नसेल, तर साठवणार काय? मात्र मागे ट्रेलर ओढायचा म्हटले की चित्र बदलत असे. हायब्रिडला सुमारे ९०० किलोची मर्यादा, तर टर्बोला ओढकामाच्या साहित्यासह सुमारे १,८०० किलोची. म्हणजे एकाच नावाच्या, एकाच आकाराच्या गाडीत एक इंजिन थांबत-थांबत जाणाऱ्यासाठी होते आणि दुसरे वजन ओढणाऱ्यासाठी.

ही गाडी आपल्याकडे आली नाही. फोर्डने त्याच वर्षी भारतातले मोटार उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. आपल्या शोरूममध्ये एक टनाच्या आसपासच्या मालवाहू वर्गात हायब्रिड उभी नाही. तिच्या जागी जी आहे ती सीएनजी आणि पेट्रोल अशा दोन इंधनांवर चालणारी गाडी. बोलण्याच्या ओघात पुष्कळजण तिलाही हायब्रिड म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. दोन इंधनांच्या गाडीत इंजिन एकच असते. तिच्यात ओढकाम करणारी बॅटरी नसते, ब्रेकमधून काही परत मिळत नाही. तिची बचत केवळ स्वस्त इंधनाची बचत आहे. उद्या गॅसचा दर चढला तर ती तेवढ्याने कमी होईल. खऱ्या हायब्रिडची बचत यंत्रातून येते, हिची बचत पंपावरच्या फलकातून येते.

तरीही मॅव्हरिकचा धडा इथे लागू पडतो. पालघर–बोईसरच्या व्यापाऱ्यापुढे आज उभा असलेला खरा पर्याय म्हणजे दोन इंधनांची गाडी की टर्बो डिझेल, आणि त्याचे उत्तर इंजिनापेक्षा त्या दुकानाच्या फेऱ्यांत दडलेले आहे.

हवेची गोष्ट

दोन्ही इंजिनांतला फरक हवेचा आहे. इंधन जाळायला हवा लागते आणि सिलिंडरमध्ये मावणारी हवा ठरावीक असते. मूळच्या पेट्रोल इंजिनात जेव्हा गॅस सोडला जातो, तेव्हा तो वायुरूप असल्यामुळे स्वतःच जागा अडवतो. मिथेन पूर्ण जळण्यासाठी त्याच्या आकारमानाच्या सुमारे साडेनऊ पट हवा लागते, म्हणजे आत गेलेल्या मिश्रणातला दहावा हिस्सा जवळजवळ गॅसचाच. तेवढी हवा कमी, तेवढी ताकद कमी. पेट्रोलवर असलेली ओढ गॅसवर साधारण दहा टक्क्यांनी घटते, याचे कारण इतके साधे आहे. मेकॅनिकने कितीही ‘ट्यूनिंग’ केले तरी हा हिस्सा पूर्णपणे परत मिळत नाही.

टर्बोमध्ये नेमके उलट घडते. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका लहान पंख्यावर आदळतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये ढकलतो. फुकट जाणाऱ्या धुरातून जादा हवा मिळते. ही कल्पना स्विस अभियंता अल्फ्रेड ब्यूखी याची. तिचे पेटंट १९०५ चे आहे. टर्बो डिझेलची ओढ इंजिन फार न पळवताच, कमी फेऱ्यांत मिळते. भरलेली गाडी चढावर थांबवून पुन्हा उचलायची असेल, तर ड्रायव्हरला हा फरक पायाखाली जाणवतो.

गाडीच्या या वर्गाचा इतिहास महाराष्ट्रातल्या जैन वाचकाला परका नाही. ‘टेम्पो’ हा शब्द आज मराठीत कोणत्याही लहान मालगाडीला लावला जातो, पण तो मुळात हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन कंपनीच्या गाड्यांचे नाव. त्या कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली ती अहमदनगरच्या नवलमल कुंदनमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने. तीनचाकी टेम्पो आणि पुढे मॅटाडोर यांनी गावोगावच्या दुकानांचा माल वाहिला. २००५ मध्ये या कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, आणि योगायोगाने त्याच वर्षी टाटांची एस आली. ‘छोटा हाथी’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या गाडीत ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. ताकद अवघी १६ अश्वशक्ती, टर्बो नाही. तरीही ती चालली, कारण बाजारपेठेतल्या अर्ध्या-पाऊण टनाच्या खेपेला तेवढे पुरत होते. ज्यांनी ती एस दहा-पंधरा वर्षे चालवली, तीच कुटुंबे आज नव्या गाडीचा विचार करीत आहेत.

एका जिल्ह्यातले दोन रस्ते

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या वाट्याला किनारा, सपाटी आणि डोंगर असे तिन्ही आले. दुकानाच्या गाडीच्या दृष्टीने मात्र त्याचे दोनच भाग पडतात.

पहिला भाग पश्चिमेचा. पालघर शहर, बोईसरची बाजारपेठ, तारापूरची औद्योगिक वसाहत, चिंचणी, तारापूर गाव, केळवे, माहीम, वाणगाव. रस्ता जवळजवळ सपाट, अंतरे थोडी, थांबे पुष्कळ. १९६९ मध्ये तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहतीत रासायनिक, औषधी, कापड आणि पोलादाचे कारखाने वाढले. त्या कारखान्यांना आणि त्यांच्या कामगारांच्या वस्त्यांना लागणारा लहानमोठा माल बोईसरची दुकाने पुरवत आली. या फेऱ्यांत गाडी दिवसभरात पन्नास-साठ किलोमीटरच चालते, पण पंधरा ठिकाणी थांबते. कारखान्याच्या गेटवर नोंद होईपर्यंत अर्धा तास उभी राहते.

दुसरा भाग पूर्वेचा. पालघरहून मनोरला जाताना वाघोबा खिंड ओलांडावी लागते. बोईसरहून चिल्हार फाट्याला आले की मुंबई–अहमदाबाद महामार्ग लागतो. तिथून पुढे विक्रमगड, जव्हार, मोखाडा हा चढाचा मुलूख. पावसाळ्यात या रस्त्यांची जी अवस्था होते तिचे वर्णन करण्याची गरज नाही. या बाजूला जाणारी गाडी सहसा एका मोठ्या ऑर्डरसाठी जाते : घरबांधणीचे सिमेंट, पत्रे, पाइप, किंवा आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशीचा किराणा.

मॅव्हरिकच्या दोन इंजिनांप्रमाणेच हे दोन रस्ते दोन वेगळ्या गाड्या मागतात. ज्या दुकानाचा व्यवहार मुख्यतः पहिल्या भागात आहे आणि ज्याचा दुसऱ्या भागात, त्या दोघांनी एकमेकांच्या अनुभवावरून गाडी घेणे हीच या जिल्ह्यात वारंवार दिसणारी चूक आहे.

वहीतला हिशेब

आता आकडे. पुढचे दर आणि ॲव्हरेज हिशेबासाठी गृहीत धरलेले आहेत. वाचकाने त्या जागी आपल्या पंपाच्या पावतीवरचे आकडे घालावेत. समजा, डिझेल ९० रुपये लिटर, सीएनजी ८० रुपये किलो. बाजारपेठेतल्या फेऱ्यांत टर्बो डिझेल गाडी लिटरला १४ किलोमीटर आणि गॅसची गाडी किलोला १६ किलोमीटर जाते. किलोमीटरला खर्च अनुक्रमे ६ रुपये ४३ पैसे आणि ५ रुपये. रोजचे ६० किलोमीटर आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर १,५६० किलोमीटर होतात आणि गॅसच्या गाडीची बचत साधारण २,२३० रुपये येते.

शोरूममधला विक्रेता इथे थांबतो. व्यापाऱ्याने थांबू नये. गॅसची रांग हाही खर्च आहे. रोज पावणेचार किलो गॅस लागला, तर टाकीच्या आकारानुसार दर तिसऱ्या दिवशी, म्हणजे महिन्यात आठ-नऊ वेळा पंपावर जावे लागेल. प्रत्येक वेळी अर्धा तास धरला तर साडेचार तास. ड्रायव्हर आणि हमाल मिळून महिन्याला ३०,००० रुपये पगार असेल आणि कामाचे तास २३४ असतील, तर तासाला १२८ रुपये. रांगेची किंमत झाली सुमारे ५७५ रुपये. म्हणजे बचतीचा चौथा हिस्सा रांगेत गेला. उरले साडेसोळाशे. तरीही ही बचत खरी आहे, आणि पाच वर्षांत ती लाखाच्या घरात जाते.

यात आणखी एक गळती आहे. रांग टाळण्यासाठी ड्रायव्हर बटण दाबून गाडी पेट्रोलवर चालवतो. पेट्रोल १०४ रुपये आणि ॲव्हरेज १३ धरले, तर किलोमीटरला ८ रुपये पडतात. एकूण धावेपैकी जवळजवळ निम्मी धाव पेट्रोलवर झाली, तर गॅसच्या गाडीचा फायदा संपतो आणि ती डिझेलइतकीच महाग पडते. म्हणून गॅसची गाडी घेणाऱ्याने पेट्रोलच्या पावत्यांची वेगळी फाइल ठेवावी. पालघर जिल्ह्यात सीएनजीचे जाळे गुजरात गॅस कंपनीकडे आहे. आपल्या नेहमीच्या मार्गावर तिचा पंप कुठे आहे आणि तिथे सकाळी नऊ वाजता किती गाड्या असतात, हे गाडी घेण्यापूर्वी चार दिवस पाहून घेणे हा या व्यवहारातला सर्वांत स्वस्त अभ्यास आहे.

पूर्वेच्या फेरीचा हिशेब वेगळा निघतो, आणि तिथे इंधनापेक्षा वजन निर्णायक ठरते. एकाच कंपनीच्या दोन गाड्या घेऊ. टाटांची इन्ट्रा व्ही २० ही दोन इंधनांची गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये आली. तिची भारक्षमता १,००० किलो. त्याच घराण्यातली टर्बो डिझेल इन्ट्रा व्ही ३० हिची भारक्षमता १,३०० किलो. सिमेंटच्या भाषेत सांगायचे तर एक २० पोती नेते, दुसरी २६. समजा, जव्हारच्या बाजूला आठवड्याला १३० पोती पोचवायची आहेत आणि जाऊन-येऊन फेरी १५० किलोमीटरची आहे. डिझेलच्या गाडीला पाच फेऱ्या पुरतात. चढ आणि वजन यांमुळे ॲव्हरेज १२ धरले तरी ७५० किलोमीटरला ५,६२५ रुपये लागतात. गॅसच्या गाडीला सात फेऱ्या माराव्या लागतात. ॲव्हरेज १४ धरले तर १,०५० किलोमीटरला ६,००० रुपये. स्वस्त इंधन महाग पडले, आणि वर दोन दिवसांचा ड्रायव्हर, हमाल आणि टायरची झीज.

व्यवहारात सात फेऱ्या मात्र कोणी मारत नाही. वीस पोत्यांच्या गाडीत सव्वीस पोती भरली जातात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भार आढळल्यास २०,००० रुपये दंड, आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. दंड भरता येतो. खिंडीच्या उतारावर भरलेली गाडी आवरली नाही आणि अपघात झाला, तर जादा भाराचे कारण दाखवून विमा कंपनी दाव्यावर आक्षेप घेऊ शकते, आणि गाडीत बसलेला ड्रायव्हर व हमाल ही कुणाच्या तरी घरची माणसे असतात. गाडी लहान घेऊन भार मोठा टाकणे ही बचत नव्हे.

परतीच्या फेरीचाही विचार हवा. या किनाऱ्यावर परतीचे सर्वांत हमखास भाडे असते सातपाटीसारख्या बंदरांच्या मासळीचे. जैन कुटुंबाच्या दुकानाची गाडी ते घेणार नाही, हे उघड आहे. त्यामुळे अनेकांची परतीची फेरी रिकामी होते आणि हिशेबही तसाच मांडावा लागतो. हंगामात घोलवड–डहाणूचा चिकू, वाणगावची मिरची, वाड्याचा कोलम तांदूळ यांची भाडी जमवणारे काही चतुर व्यापारी आहेत. ज्यांना ते साधते त्यांच्यासाठी मोठ्या हौद्याची डिझेल गाडी दोन्ही वाटांनी कमावते. ज्यांना ते साधत नाही त्यांची गाडी निम्मी धाव रिकामीच पळते, आणि रिकाम्या गाडीला टर्बोची गरज नसते.

माल हलका पण जागा व्यापणारा असेल, जसे थर्माकोल, प्लास्टिकच्या टाक्या, पुठ्ठ्याचे खोके, कापडाचे गठ्ठे, तर हौदा वजनाने भरण्यापूर्वीच जागेने भरतो. अशा व्यापाऱ्याने टर्बो डिझेलच्या ओढीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. औषधे किंवा बेकरीचा माल रोज ठरलेल्या वाटेने पोचवणाऱ्याने बॅटरीवरच्या गाडीचाही विचार करावा. टाटांनी २०२२ मध्ये एसचे विजेवर चालणारे रूप आणले, त्याची भारक्षमता ६०० किलो होती. सिमेंटवाल्याचा तो विषय नाही.

डिझेलची नवी अट

वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जी डिझेल गाडी असते ती एप्रिल २०२० पूर्वीची असते. त्या महिन्यापासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाडीचा स्वभाव बदलला. बहुतेक नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी धुराचे तापमान साधारण साडेपाचशे ते सहाशे अंशांपर्यंत जावे लागते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ न थांबता, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. बोईसरच्या बाजारात दोन किलोमीटर जाऊन थांबणारी, गेटवर उभी राहून पुन्हा तीन किलोमीटर जाणारी गाडी तेवढी तापतच नाही. काजळी साचते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, ड्रायव्हर दुर्लक्ष करतो आणि एके दिवशी गाडीची ताकद आपोआप कमी होते. मग वर्कशॉपची वारी. ही गाडीची खराबी नसते. गाडी चुकीच्या कामाला लावलेली असते.

उपाय आहे. आठवड्यातून एकदा तरी गाडी चिल्हार फाट्यावरून महामार्गाला काढून वीस-पंचवीस मिनिटे एका चालीने पळवावी आणि दिवा लागल्यावर काय करायचे ते ड्रायव्हरला गाडीच्या पुस्तिकेतून समजावून द्यावे. पण ज्या दुकानाच्या फेऱ्यांत महामार्ग कधी येतच नाही, त्याने केवळ दिवा विझवण्यासाठी डिझेल जाळत फिरणे हास्यास्पद आहे. मारुतीची सुपर कॅरी २०१६ मध्ये आली तेव्हा तिच्यात डिझेल इंजिनही होते. २०२० च्या नियमांनंतर ती पेट्रोल आणि सीएनजीवरच मिळते. लहान गाडीत डिझेलचा हा सारा संसार परवडत नाही, असाच याचा अर्थ.

टर्बोची निगाही शिकवावी लागते. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. जव्हारहून धावत आलेली गाडी दुकानापुढे उभी करताच चावी फिरवली, तर तेलाचा पुरवठा तत्काळ थांबतो आणि दांडा गरमच राहतो. एक मिनिट इंजिन चालू ठेवून मग बंद करावे. तेल पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचे आणि वेळेवर बदलावे. दोन-चारशे रुपये वाचवण्यासाठी सुटे तेल घालणाऱ्यांना टर्बो फार महागात पडतो.

गॅसच्या गाडीला डीपीएफ नसतो, पण तिचे लाड वेगळे. तिच्या टाक्यांत २०० बारच्या दाबाने गॅस भरलेला असतो आणि दर तीन वर्षांनी त्यांची दाबचाचणी करून घेणे बंधनकारक आहे. चिंचणी, केळवे, सातपाटीच्या खाऱ्या हवेत फिरणाऱ्या गाडीच्या टाक्यांचे पट्टे आणि बोल्ट गंजले आहेत का, हे पावसाळ्यानंतर खाली वाकून पाहावे. आणखी एक बारकावा : दोन इंधनांच्या सगळ्या गाड्या सारख्या नसतात. सुपर कॅरीच्या सीएनजी गाडीत पेट्रोलची टाकी फक्त पाच लिटरची, म्हणजे अडचणीपुरती. काही गाड्यांत ती पूर्ण आकाराची असते. मोखाड्याच्या वाटेवर गॅस संपल्यावर हा फरक कळण्यापेक्षा शोरूममध्ये कळलेला बरा.

औद्योगिक वसाहतीत ज्वालाग्राही द्रव पोचवणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. कोणत्याही इंधनाची गाडी असो, केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक माल वाहणाऱ्या गाडीला ठिणगीरोधक, ठरावीक चिन्हांचे फलक आणि प्रशिक्षण घेतलेला ड्रायव्हर लागतो. थिनरचे चार ड्रम ‘रोजच्याच मालाबरोबर’ टाकून देण्याची सवय अनेक रंगाच्या दुकानांत आहे. ती मोडलेली बरी.

पैशाची बाजू

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नियमित करदात्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते. प्रवासी मोटारीवर ते सहसा मिळत नाही. मात्र कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला हे क्रेडिट नाही, त्यामुळे त्याच्यासाठी गाडीची किंमत करासकटच धरावी. शेजारच्या दुकानदाराला गाडी स्वस्त पडली आणि आपल्याला महाग, याचे कारण अनेकदा इतकेच असते. क्रेडिट घेतले तर त्या कराच्या रकमेवर घसारा मागता येत नाही, हे सीएला विचारून नीट नोंदवावे. स्वतःच्या दुकानासाठी वापरलेल्या गाडीवर घसारा १५ टक्के, भाड्याने चालवण्याच्या व्यवसायातल्या गाडीवर ३० टक्के.

कर्जाबाबत एक गोष्ट ठासून सांगायला हवी. गाडी कॅश क्रेडिटच्या मर्यादेतून घेऊ नये. ती मर्यादा मालासाठी असते. सहा-आठ लाख रुपये त्यातून गाडीत अडकले, की दिवाळीच्या आधी माल भरायला पैसे कमी पडतात आणि मग पुरवठादाराच्या रोखीच्या सवलतीवर पाणी सोडावे लागते. बँकेच्या दृष्टीनेही तो अल्पमुदतीच्या पैशाचा दीर्घमुदतीसाठी केलेला वापर ठरतो आणि नूतनीकरणाच्या वेळी अधिकारी त्यावर बोट ठेवतो. गाडीसाठी स्वतंत्र मुदतकर्ज घ्यावे. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करून प्राधान्यक्षेत्र कर्जाच्या कक्षेत येता येते. ती नोंदणी नसेल तर आधी करून घ्यावी. डिझेल आणि गॅसच्या गाडीच्या किमतीतल्या फरकाला वर काढलेल्या मासिक बचतीने भागले, की फरक किती महिन्यांत वसूल होतो किंवा होत नाही हे दिसते. हा भागाकार करण्यास दोन मिनिटे लागतात.

परवान्याचाही विचार याच वेळी करावा. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला वेगळा परमिट लागत नाही. एक टनाच्या आसपासच्या पुष्कळ गाड्या या मर्यादेत बसतात. त्याहून मोठ्या टर्बो डिझेल पिकअप तिच्या बाहेर जातात. ड्रायव्हरबाबत, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते असे स्पष्ट केले, त्यामुळे विम्याच्या दाव्यांतला एक जुना वाद मिटला.

पुढच्या काही वर्षांत या जिल्ह्यातल्या बांधकामाचे प्रमाण वाढणार आहे. डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होत आहे. बंदराला स्थानिकांचा, विशेषतः मच्छीमारांचा विरोधही आहे. पण हार्डवेअर आणि बांधकाम-साहित्याच्या दुकानांच्या खेपा जड होणार, असे धरून चालायला हरकत नाही. त्यांनी डिझेलकडे झुकावे. किराणा, स्टेशनरी, पॅकिंग आणि औषधांच्या व्यापाऱ्यांनी गॅसकडे. दोन्ही प्रकारचे काम असलेल्या कुटुंबाने रोजच्या कामाची गाडी गॅसची घ्यावी आणि महिन्यातून चार-पाच वेळा लागणारी जड फेरी भाड्याच्या पिकअपने करावी. त्या चार फेऱ्यांसाठी वर्षभर मोठा हप्ता भरण्याचे कारण नाही.

निवड झाली की चाचणी रिकाम्या गाडीची घेऊ नये. आपल्याच दुकानातली वीस पोती हौद्यात टाकून, आपल्याच ड्रायव्हरला बसवून गाडी वाघोबा खिंडीत न्यावी, चढावर मध्येच थांबवून पुन्हा उचलायला सांगावी आणि येताना पंपाच्या रांगेवरून यावे. विक्रेता कुरकुर करतो, पण गिऱ्हाईक पक्के असेल तर तयार होतो. गाडी ताब्यात घेताना आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोल आणि सीएनजी अशी दोन्हींची नोंद आहे का, विम्याच्या पॉलिसीत गॅसच्या टाक्या धरल्या आहेत का आणि टाक्यांच्या चाचणीची तारीख कोणती, हे पाहावे. ती तारीख दुकानातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नव्हे, तर गाडीच्या कागदांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी, कारण तीन वर्षांनी कॅलेंडर बदललेले असते.